ओल आणि उजेड

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघाले की राजूरचा घाट उतरावा लागतो आणि घाट उतरून सपाटीला लागले की मोताळा येते. जवळच नळगंगेवर धरण आहे. मृग लागला की या मुलखातल्या माणसांचे डोळे आभाळाला लागतात. शेताला पाऊस हवाच असतो; घराला मात्र तो बेतानेच मानवतो. टिनाच्या एखाद्या खिळ्याभोवती, मातीच्या धाब्याच्या एखाद्या कोपऱ्यात पाणी वाट शोधते आणि चार महिने चोरपावलांनी आत येत राहते. त्याने काय काय केले, याचा हिशेब दसरा उलटल्यावर, दिवाळीच्या झाडलोटीत लागतो.

या झाडलोटीत अलीकडे कुठे कुठे एक अवजड वस्तू हाती लागते. कपाटाएवढे खोके, समोर धुरकट मोठा पडदा, मागे उतरता फळा, खाली चाके. हा प्रोजेक्शनचा दूरचित्रवाणी संच. एके काळी तो एखाद्या हॉटेलात, क्लबात, मंगल कार्यालयात किंवा हौशी श्रीमंताच्या दिवाणखान्यात दिमाखाने उभा असे. मग तो हातबदल करीत, उतरत्या किमतीने प्रवास करीत लहान गावी येतो आणि शेवटी गळक्या खोलीत चादर पांघरून बसतो. खालची फळी फुगलेली, आत चिखलाची रेघ, पडद्यावर ढगासारखे डाग. घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाका. दुसरा म्हणतो, मेकॅनिकला एकदा दाखवा तरी. या भांडणाचा निकाल लावण्याआधी ही वस्तू कोणत्या कुळातली आहे आणि पाण्याशी तिच्या कुळाचे वैर किती जुने आहे, हे पाहणे उचित होईल.

अंधाऱ्या खोलीत उजेडाने पडद्यावर चित्र फेकणे ही कला महाराष्ट्रात सिनेमाच्याही आधी आली. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली जादूच्या कंदिलाचे प्रयोग सुरू केले आणि त्या प्रकाराला 'शांबरिक खरोलिका' असे भारदस्त नाव दिले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली पुराणातली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग आणि सोबतीला निवेदन, असा तो खेळ असे. काचा सराईतपणे सरकवल्या की पडद्यावरची माणसे हालल्यासारखी वाटत. पटवर्धन कुटुंबाने हे खेळ पुढे कित्येक वर्षे केले. त्यानंतर चार वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. तारीख ध्यानात घेण्यासारखी आहे. भर पावसाळ्यात आपल्याकडे सिनेमा आला!

पुढे सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी स्वतः कॅमेरा आणून १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले. १९१३ च्या मे महिन्यात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यानंतर फिरता सिनेमा आला. मोठा तंबू, जनित्र, प्रोजेक्टर आणि डब्यांत बंद केलेली रिळे घेऊन ही मंडळी जत्रेमागून जत्रा करीत हिंडत. पावसाळा आला की तंबू गुंडाळावा लागे. मग रिळांचे डबे आणि यंत्र कुठल्या तरी खोलीत चार महिने पडून राहत, आणि नुकसान व्हायचे ते तिथेच व्हायचे.

याचे कारण चित्रपटाच्या फितीच्या घडणीतच आहे. तिच्यावरचा चित्र धरून ठेवणारा थर जिलेटिनचा असतो. पाणी लागले की तो फुगतो, चिकट होतो, एक वेढा दुसऱ्याला चिकटतो. ओल आणि उष्णता दोन्ही एकत्र आल्या तर नंतरच्या काळातल्या ॲसिटेटच्या फितीला शिरक्यासारखा आंबूस वास सुटू लागतो, ती आखडते आणि अखेरीस निकामी होते. फाळक्यांनी काढलेल्या चित्रपटांपैकी फार थोडे आज शिल्लक आहेत. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी जुनी रिळे व रिळांचे तुकडे जन्मभर गोळा केले, म्हणून जे उरले ते उरले. आग एका रात्रीत दिसते आणि बोलबाला तिचाच होतो; ओलीची वार्ता कुणी छापत नाही.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. जॉन लोगी बेअर्डने २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक दाखवले. त्या वेळचे चित्र तळहाताएवढे होते. एकट्याने डोकावून पाहावे असे चित्र आणि पाहणारे तर घरभर! तेव्हापासून चित्र मोठे कसे करावे, या प्रश्नाने संशोधकांचा पिच्छा पुरवला. खुद्द बेअर्डने १९३० मध्ये लंडनच्या कोलिझियम नाट्यगृहात आणि १९३२ मध्ये डर्बीची घोडशर्यत दाखवताना एका चित्रपटगृहात मोठ्या पडद्याचे प्रयोग केले.

अडचण साधी पण चिवट होती. पिक्चर ट्यूब म्हणजे आतली हवा काढलेली काचेची बाटली. ती जितकी मोठी तितका तिच्यावर बाहेरच्या हवेचा दाब अधिक, म्हणून काच जाड आणि वजन भारी. मग ट्यूब लहानच ठेवून तिच्यावरचे चित्र भिंगातून मोठे करून फेकावे, ही कल्पना पुढे आली. पण चित्र रुंदीने दुप्पट आणि उंचीने दुप्पट केले की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो आणि चित्र फिके पडते. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९४७ मध्ये घरगुती प्रोजेक्शन संच बाजारात आणला. त्यातली ट्यूब पाच इंचांची आणि पडद्यावरचे चित्र वीस इंच रुंद व पंधरा इंच उंच होते.

याच सुमारास झुरिचमध्ये एक विलक्षण वाट शोधली जात होती. तिथल्या तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक फ्रिट्झ फिशर यांनी १९३९ मध्ये 'आयडोफोर' या यंत्राची कल्पना मांडली. त्यात आरशावर तेलाचा पातळ थर असे. इलेक्ट्रॉनांचा झोत त्या थरावर सूक्ष्म सुरकुत्या पाडी आणि शेजारच्या प्रखर दिव्याचा उजेड त्या सुरकुत्यांवरून वळून पडद्यावर चित्र होऊन जाई. पुढे अमेरिकेच्या नासा संस्थेने आपल्या अवकाश मोहिमांच्या नियंत्रणकक्षात हीच यंत्रे मोठ्या पडद्यांसाठी वापरली. ज्या द्रवाचा चित्राला धसका, त्याच द्रवाच्या तरंगावर इथे चित्र उभे राहिले. द्रव तेवढा वाईट असे म्हणता येत नाही. तो कुठे असावा आणि कुठे नसावा, एवढाच प्रश्न.

घरात मोठे चित्र नेण्याचे श्रेय बव्हंशी हेन्री क्लॉस या अमेरिकन तंत्रज्ञाकडे जाते. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याने तीन ट्यूबांचा 'व्हिडिओबीम' संच आणला. लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन स्वतंत्र ट्यूबांची तीन चित्रे एकाच पडद्यावर, एकमेकांवर अचूक बसवायची, हे त्यामागचे तत्त्व. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांतले ट्यूबचे प्रोजेक्शन संच बहुतेक याच तत्त्वावर चालले. फरक इतकाच की नंतर सगळे एका खोक्यात आले. खाली तीन ट्यूबा, मागे तिरपा आरसा आणि समोर पडदा. चित्र आरशावर आपटून आतून पडद्यावर उमटते.

आपल्याकडे दिल्लीत दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना कार्यक्रम दाखवण्याचा 'साइट' नावाचा प्रयोग झाला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. शेजारचे मध्य प्रदेश आणि कर्नाटक होते. गावात एक सार्वजनिक संच, छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची थाळी आणि समोर सारे गाव. या प्रयोगाची मातब्बरी उपग्रहामुळे सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु खेड्यातला संच बंद पडला तर तो दुरुस्त कोणी करायचा, याची व्यवस्थाही त्या योजनेत आधीच केलेली होती. कोणतेही यंत्र गावात नांदते ते अशा व्यवस्थेमुळे.

१९८२ मध्ये रंग आला. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी टीव्हीला हार घालून गल्लीभरची माणसे एकाच्या ओसरीवर दाटीवाटीने बसली. गणपतीत, लग्नाच्या आदल्या रात्री, भाड्याने व्हिडिओ आणून रात्रभर चित्रपट पाहण्याची चाल पडली. वीस इंचांचे चित्र आणि समोर शंभर माणसे! मोठ्या पडद्याची हौस आपल्याकडे श्रीमंतीतून जितकी आली, त्याहून अधिक या दाटीतून आली. प्रोजेक्शन संच घरोघर कधीच पोचला नाही. पण जिथे पोचला तिथे माणसे जमवीत राहिला. त्या धुरकट पडद्यासमोर कितीतरी क्रिकेटचे सामने, कितीतरी कुटुंबांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांसह पाहिले असतील. भंगाराच्या काट्यावर ही गोष्ट मोजता येत नाही.

आता तो भिजलेला संच. त्याच्या आत पाण्याने काय केले असेल?

पहिली गोष्ट अशी की शुद्ध पाणी विजेच्या यंत्राचे म्हणावे तितके नुकसान करीत नाही. नुकसान करतात ते त्यात विरघळलेले क्षार आणि माती. छपरातून गळालेल्या किंवा दारातून शिरलेल्या पाण्यात दोन्ही भरपूर असतात. संच बंद असताना भिजला असेल तर बहुधा आशा असते. ओला असतानाच कुणी 'चालतो का बघू' म्हणून बटण दाबले, तर वीज नको त्या वाटेने धावते, तांब्याच्या रेषा झपाट्याने खाल्ल्या जातात आणि पाण्याने महिन्यात केले नसते ते घाईने एका क्षणात होते. जाणता मेकॅनिक म्हणूनच पहिला प्रश्न विचारतो तो 'किती भिजला' हा नव्हे. 'भिजल्यावर लावून पाहिलात का' हा.

दुसरी गोष्ट धोक्याची. या संचात ट्यूबांना सुमारे तीस हजार व्होल्टचा दाब द्यावा लागतो. प्लग काढल्यावरही तो साठा काही काळ ट्यूबमध्ये राहतो. तो रीतसर उतरवल्याशिवाय आत हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. हे काम घरच्या हौशी मुलांचे नाही, जाणकाराचेच आहे.

मग धुण्याचे काम. भिजलेल्या सर्किटाला पुन्हा पाण्याने धुवायचे, हे ऐकून घरच्या बायामाणसांना हसू येते. पण चिखल वाळून बसण्यापेक्षा धुऊन गेलेला बरा. बोर्ड एकेक करून सोडवायचे, मऊ ब्रशाने स्वच्छ पाण्यात धुवायचे, मग बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. नंतर पंख्याखाली दिवस दिवस वाळवायचे. जिथे हिरवी बुरशी दिसते तिथे तांबे गंजलेले असते. तिथली रेषा तुटली असेल तर तारेचा तुकडा जोडून पूल बांधायचा. सांध्यांना नवे सोल्डर द्यायचे. ज्याला आपले मेकॅनिक ईएचटी म्हणतात त्या उच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरवर विशेष नजर ठेवायची. त्याच्यात ओल मुरली असेल तर ठिणग्या उडतात आणि तो बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

उजेडाच्या वाटेवरही पाणी गेलेले असते. आतला आरसा घरच्या आरशासारखा नसतो. याचा चकाकणारा थर काचेच्या मागे नसून पुढच्या अंगाला, उघडा असतो. चार महिन्यांच्या धुळीवर कुणी धोतराच्या सोग्याने हात फिरवला की तो कायमचा ओरखडतो. पडद्यामागे बारीक वर्तुळाकार खाचांचा एक पत्रा असतो, फ्रेनेल भिंगाचा. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच इंजिनिअरने दीपगृहांसाठी हे भिंग शोधले आणि १८२३ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कोर्दुआँच्या दीपगृहात ते प्रथम बसवले गेले. समुद्रावरच्या गलबतांना वाट दाखवणाऱ्या भिंगाचा हा वंशज मोताळ्याच्या गळक्या खोलीत येऊन पोचतो, ही इतिहासाची गंमतच म्हणायची. त्याच्या खाचांत गढूळ पाणी वाळले की पडद्यावर ते ढग दिसतात. सौम्य साबणाच्या पाण्याने, हलक्या हाताने धुतले तर बरेचसे जातात. मात्र हा पत्रा सुटा करून उन्हात कधीही ठेवू नये. वऱ्हाडचे ऊन त्यातून एका ठिकाणी एकवटले तर लाकूड पेटते.

आणखी एक चमत्कार आहे. या तीन ट्यूबा इतक्या तापतात की त्यांच्या तोंडाशी थंडाव्यासाठी ग्लायकोल आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण भरलेले असते. वर्षे लोटली की त्याची रबरी बांधणी सैल होते आणि तो द्रव खालच्या बोर्डांवर ठिबकतो. पुष्कळदा घरचे लोक छपराला बोल लावतात आणि खरा गळका निघतो तो संचच! द्रव गढूळ होऊन त्यात शेवाळासारखी वाढही होते. मग चित्र दुधाळ दिसते. तो काढून, काच स्वच्छ करून, नवा भरता येतो. ग्लायकोल चवीला गोडसर पण विषारी असते. म्हणून सांडलेला द्रव लगेच पुसावा. लहान मुले आणि घरची कुत्री-मांजरे यांना तिकडे फिरकू देऊ नये.

सगळे जुळवून झाल्यावरही वीज थेट द्यायची नाही. आपल्या मेकॅनिकांची एक जुनी, स्वस्त आणि शहाणी युक्ती आहे. शंभर वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भडकून पेटतो आणि संच वाचतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. मग पडद्यावर जाळीचे चित्र आणायचे. लाल, हिरवी आणि निळी अशा तीन जाळ्या एकमेकींपासून सरकलेल्या दिसतात. त्या मधून कडेकडे, कोपऱ्याकोपऱ्याने एकमेकींवर बसवत न्यायच्या. याला कन्व्हर्जन्स म्हणतात. एक कोपरा साधला की दुसरा सुटतो. तासन् तास बसल्यावर केव्हातरी तिन्ही रेषा मिटून एकच पांढरी रेघ उरते. पाहणारा कंटाळून उठून गेलेला असतो. मेकॅनिक मात्र तेव्हा समाधानाने मागे टेकतो.

आता दुसऱ्या तटाचेही ऐकले पाहिजे. ट्यूबच फुटली असेल, तिन्हींचे तेज जळून गेले असेल, किंवा बोर्डाच्या मोठ्या भागातले तांबेच उरले नसेल, तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. सोनी कंपनीने असे मागून चित्र फेकणारे संच बनवणे थांबवत असल्याचे २००७ च्या अखेरीस सांगितले. मित्सुबिशीने डिसेंबर २०१२ मध्ये तेच जाहीर केले, आणि ट्यूबचे संच तर त्याही आधी मागे पडले होते. नवे सुटे भाग आता एका संचातून काढून दुसऱ्यात घालावे लागतात. सपाट संच स्वस्त झाले, हलके झाले, वीजही कमी खातात. केवळ चित्र पाहायचे असेल तर नवा संच घ्यावा, यात दुमत नाही.

तरीही भंगाराचा निर्णय दिवाळीच्या गडबडीत, न उघडता, न पाहता होऊ नये असे वाटते. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे जमवली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले, तेव्हा कागदांची गत यंत्रांहून निराळी नव्हती. वाळवी, ओल आणि रद्दीवाला हे तिघे त्यांच्या आधी पोचलेले असत. कागद वाचायला मोडी जाणणारा माणूस लागतो. मोडी जाणणारे कमी झाले तेव्हा धडधाकट कागदही मुके झाले. यंत्राचेही तसेच आहे. तीन जाळ्या एकमेकींवर बसवणारा हात, बल्बाच्या उजेडावरून आतला दोष ओळखणारा डोळा, ही यंत्राची मोडी आहे. तालुक्याच्या गावी रेडिओपासून सुरुवात करून टीव्हीवर आलेले, एका लहान टपरीत बसून कुठल्याही नकाशाविना सर्किट वाचणारे जे मेकॅनिक आहेत, ते आता उतारवयात आहेत. त्यांची दुकाने मोबाइलच्या दुकानांनी वेढली आहेत. त्यांच्या हातची विद्या कुठल्या पोथीत लिहिलेली नाही.

म्हणून भिजलेला संच मेकॅनिककडे न्यावा आणि सोबत घरचे एखादे चौकस पोर न्यावे. त्याने हात लावू नये. पण शेजारी बसून पाहावे, विचारावे. उजेड कुठून निघतो, आरशावर कसा वळतो, पाणी कुठवर आले होते, तांबे का हिरवे पडते, हे त्याला कळेल. संच सुरू झाला तर उत्तमच. ओसरीवर पुन्हा शेजारीपाजारी जमतील. नाही झाला, तरी भिंग, आरसा आणि ते दीपगृहाचे भिंग जपून ठेवता येईल, आणि पोराला जे उमगले ते पुढच्या पावसात भिजणार नाही.